दीडपट पाणी

सप्टेंबर १८०३. लंडनजवळ थेम्सकाठच्या ग्रिनिचमध्ये एका इमारतीचा पाया खणला जात होता आणि पायात साचणारं पाणी उपसायला रिचर्ड ट्रेव्हिथिकचं नवं वाफेचं इंजिन लावलं होतं. इंजिनावर लक्ष ठेवायला एक पोरगा नेमलेला. त्या दिवशी पोरगा पायाच्या खड्ड्यात वाम पकडायला गेला आणि जाताना इंजिन एका मजुराच्या हवाली करून गेला. इंजिन नेहमीपेक्षा भरधाव पळतंय हे पाहून मजुराने ते थांबवलं. पण सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी जाम करून ठेवणारा पाना काही त्याने काढला नाही. खाली जाळ चालूच, वाफेला वाट मात्र कुठेच नाही. थोड्याच वेळात बॉयलर फुटला आणि चार माणसं गेली.

ट्रेव्हिथिक कॉर्नवॉलच्या खाणींत वाढलेला इंजिनिअर. जेम्स वॉटची इंजिनं वातावरणाच्या दाबाहून किंचितच जास्त दाबाची वाफ वापरत. ट्रेव्हिथिकने दाब कितीतरी पटींनी वाढवला, त्यामुळे इंजिन लहान झालं, हलकं झालं, चाकांवर चढवता आलं. ग्रिनिचच्या स्फोटाने त्याच्या विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. जास्त दाबाची वाफ म्हणजे मृत्यूशी खेळ, असा प्रचार सुरू झाला. ट्रेव्हिथिकने दाब कमी केला नाही. त्याने पुढच्या बॉयलरांना एकाऐवजी दोन सेफ्टी व्हॉल्व्ह बसवले आणि त्यातला एक इंजिनवाल्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवला. पाणी आटलं तर वितळून वाट मोकळी करणारी शिशाची गुडदी घातली. दाब दाखवायला पाऱ्याची नळी लावली. आणि बॉयलर कामाला जुंपण्यापूर्वी तो थंड पाण्याने गच्च भरून, पंपाने दाब चढवून तपासायची पद्धत सुरू केली.

आज तुर्भ्यात किंवा भोसरीत एखाद्या शेडमध्ये फिटर 'हायड्रो मारतो' तेव्हा तो ट्रेव्हिथिकचंच काम करत असतो.

तपासायला पाणीच का? वाफ किंवा हवा दाबली की ती ताणलेल्या स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवून ठेवते. भांडं फुटलं की ती सगळी ऊर्जा एका क्षणात बाहेर येते आणि पत्र्याचे तुकडे गोळ्यांसारखे उडतात. पाणी जवळजवळ दबतच नाही. एक घनमीटर पाण्यावर १० बारचा दाब दिला तर ते जेमतेम अर्धा लिटर आकसतं. त्यामुळे पाण्याच्या चाचणीत भांडं फाटलं तरी बहुधा एक चिळकांडी उडते, काटा झर्रकन खाली येतो आणि काम तिथेच थांबतं. भांड्याला जो ताण सोसायचा आहे तो पूर्ण द्यायचा, पण माणसं मरतील इतकी ऊर्जा आत साठू द्यायची नाही, एवढी सोपी आणि सुंदर ही कल्पना आहे. अडचण पुढची होती. ताण द्यायचा तो किती?

या प्रश्नाचं उत्तर सापडायला अर्धं शतक गेलं आणि या काळात आकडा सारखा बदलत राहिला. फ्रान्सने १८२३ मध्ये राजाज्ञा काढून जास्त दाबाच्या बॉयलरांना कामाच्या दाबाच्या पाचपट दाबाने तपासण्याची सक्ती केली. पुढे काही वर्षांत घडीव लोखंडासाठी आणि तांब्यासाठी पाचाचे तीन झाले. कारण उघड होतं. रोज दहा किलो उचलणाऱ्या माणसाची ताकद पाहायला त्याच्या पाठीवर पन्नास किलो ठेवले तर परीक्षेतच पाठ मोडायची. अतिदाबाने पत्रा ताणला जातो, रिवेटची भोकं लांबट होतात, आणि चाचणीत उतरलेला बॉयलर चाचणीमुळेच दुबळा होऊन कामाला लागतो.

अमेरिकेत तर काहीच आकडा नव्हता. मिसिसिपी आणि ओहायो या नद्यांवर वाफेच्या बोटींची झुंबड उडालेली. बोटी एकमेकींशी शर्यती लावत, सेफ्टी व्हॉल्व्हवर जादा वजनं ठेवत. १८१६ ते १८४८ या काळात तिथे बोटींवरच्या बॉयलरांचे २३३ स्फोट नोंदले गेले आणि त्यांत अडीच हजारांहून जास्त माणसं मेली. स्फोट का होतात याचीही एकवाक्यता नव्हती. लाल झालेल्या लोखंडावर पाणी पडलं की त्याचं विघटन होऊन हायड्रोजन तयार होतो आणि तोच पेटतो, असं बरेच जाणते लोकही मानत. १८३० मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने यावर समिती नेमली आणि सरकारने प्रयोगांसाठी पैसे दिले. अमेरिकेच्या संघ सरकारने शास्त्रीय संशोधनाला दिलेलं हे पहिलं अनुदान मानलं जातं. समितीचे प्रमुख होते अलेक्झांडर डॅलस बाख, बेंजामिन फ्रँकलिनचे पणतू. समितीने मुद्दाम बॉयलर फोडून पाहिले, पत्र्यांची ताकद तापमानानुसार मोजली आणि हायड्रोजनची गोष्ट खोटी ठरवली. स्फोटामागे कुठलंही गूढ नव्हतं. पत्रा कमजोर आणि दाब जास्त, एवढंच.

एवढं कळूनही कायदा लगेच झाला नाही. एप्रिल १८३८ मध्ये सिनसिनाटीच्या धक्क्याजवळ 'मोसेल' ही कोरी करकरीत बोट फुटली आणि दीडशेच्या आसपास लोक गेले, तेव्हा जुलैत घाईघाईने एक कायदा झाला. त्यात तपासणी होती, पण तपासणी म्हणजे नेमकं काय करायचं हे नव्हतं. निरीक्षक बॉयलरभोवती फिरून, हातोडीने ठोकून प्रमाणपत्र देऊ शकत होता. माणसं मरतच राहिली.

मग १८५२ चा कायदा आला. या कायद्याबद्दल दोन शब्द अधिक लिहायला हवेत, कारण आज जगभरच्या पाइपांवर, व्हॉल्व्हांवर आणि फ्लँजजोडांवर जे आकडे चालतात त्यांचं कूळ इथे सापडतं. बॉयलरचा कामाचा दाब चौरस इंचाला ११० पौंडांवर जाता कामा नये, अशी मर्यादा त्यात घातली गेली. एक सेफ्टी व्हॉल्व्ह कुलुपात ठेवायचा, कप्तानाच्या हाती द्यायचा नाही. बॉयलरच्या प्रत्येक पत्र्यावर तो बनवणाऱ्याचं नाव ठोकलेलं असलं पाहिजे. आणि दरवर्षी प्रत्येक बॉयलर पाण्याने तपासायचा, कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने. ११० चे १६५.

दीडपट! पाचपट नाही, तीनपट नाही. पत्र्याचं नुकसान होणार नाही इतपत कमी आणि पुढच्या वर्षभरातल्या गंजाची, झिजेची, थोड्याफार चुकीची भरपाई होईल इतपत जास्त. हा आकडा कुठल्या समीकरणातून निघालेला नव्हता. पोलाद कोणत्या ताणाला कायमचं वाकतं हे नेमकं मोजून त्यावर नियम बांधण्याचे दिवस अजून दूर होते. तो व्यवहारातून, अनुभवी माणसांच्या अंदाजातून आलेला आकडा होता आणि पुढच्या शास्त्राने तो जवळजवळ जसाच्या तसा उचलून धरला.

तरीही २७ एप्रिल १८६५ ची रात्र यायची होती. यादवी युद्ध संपलं होतं. दक्षिणेच्या कैदेतून सुटलेले, उपासमारीने खंगलेले उत्तरेचे सैनिक 'सुलताना' बोटीवरून घरी निघाले होते. बोटीला परवानगी ३७६ माणसांची आणि वर चढलेले दोन हजारांहून अधिक. व्हिक्सबर्गला बोट थांबली तेव्हा एका बॉयलरचा पत्रा सांध्याजवळ फुगलेला दिसला. तो भाग नीट कापून नवा पत्रा घालायला दिवस लागले असते, आणि तेवढ्यात सैनिकांच्या भाड्याचा पैसा दुसऱ्या बोटीने नेला असता. म्हणून मूळ पत्र्यापेक्षा पातळ थिगळ रिवेट करून बोट पुढे काढली. मेम्फिस सोडल्यावर पहाटे दोनच्या सुमारास मिसिसिपीच्या मधोमध चारपैकी तीन बॉयलर फुटले. भाजून, बुडून आणि पुराच्या गार पाण्यात गारठून निदान अकराशे माणसं मेली. काही अंदाज अठराशेपर्यंत जातात. युद्धातून आणि कैदेतून वाचलेली ही माणसं घरापासून काही दिवसांच्या अंतरावर संपली, हे आजही वाचवत नाही.

बोटीकडे तपासणीचं प्रमाणपत्र होतं. पण ते होतं थिगळ लागण्यापूर्वीच्या बॉयलरचं.

हिंदुस्थानातही हा इतिहास असाच, माणसं मेल्यावर, सुरू होतो. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन तेरा जण मेले आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. मग मुंबई इलाख्यासह एकेक प्रांताने आपापला कायदा केला. मुंबईला त्याची गरज होतीच. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढल्यापासून ताडदेव, परळ, लालबाग भागात चिमण्या उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक चिमणीच्या पायथ्याशी बॉयलरची रांग होती. प्रांताप्रांतांच्या नियमांत मेळ नव्हता. एका इलाख्यात पास झालेला बॉयलर दुसऱ्या इलाख्यात नापास ठरू शकत होता. अखेर १९२३ चा इंडियन बॉयलर्स ॲक्ट आला आणि १ जानेवारी १९२४ पासून लागू झाला. त्याने बॉयलरबरोबर त्यातून निघणारा वाफेचा मुख्य नळही आपल्या कक्षेत घेतला, ही बाब इथे महत्त्वाची. कारण एव्हाना गोष्ट बॉयलरवरून नळावर आणि नळावरून फ्लँजवर सरकली होती.

फ्लँज म्हणजे नळाच्या टोकाला बसवलेली भोकं असलेली जाड चकती. दोन चकत्या समोरासमोर, मध्ये गॅस्केट, भोवती बोल्ट. नळ जोडायचा तर वेल्ड करता येतो, पण जो जोड पुढेमागे उघडायचा आहे, जिथे व्हॉल्व्ह किंवा पंप बसवायचा आहे, तिथे फ्लँजला पर्याय नाही. एकोणिसाव्या शतकात हे जोड शेंदूर आणि तेलाच्या लुगदीत माखलेलं कापड मध्ये घालून आवळले जात. चकत्या बिडाच्या असत. प्रत्येक कारखान्याच्या चकतीचा व्यास वेगळा, बोल्टची संख्या वेगळी, भोकांच्या वर्तुळाचं माप वेगळं. एका गावच्या फौंड्रीचा व्हॉल्व्ह दुसऱ्या गावच्या नळावर बसत नसे. मग फिटर भोकं कानशीने वाढवी, किंवा तिरका बोल्ट ठोकून बसवी. असा जोड थंड पाण्यात कसाबसा तग धरतो. वाफेत टिकत नाही.

१८९४ मध्ये अमेरिकेतल्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने आणि वाफेचे नळ बसवणाऱ्या कंत्राटदारांनी एकत्र बसून पहिलं सामाईक कोष्टक केलं. त्यातून रुजलेला एक नियम फार हुशारीचा आहे. बोल्टची संख्या नेहमी चारने भाग जाणारी असायची आणि भोकं मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी वाटलेली असायची, म्हणजे उभ्या रेषेवर भोक नको. त्यामुळे व्हॉल्व्ह किंवा बाक पाव वळशाने कुठल्याही दिशेला फिरवून बसवता येतो. जगातल्या कुठल्याही रिफायनरीत सहज नजर टाकली तर हा नियम दिसतो आणि सव्वाशे वर्षांपूर्वीची ती बैठक किती कामाची झाली हे पटतं.

माप न जुळण्याची किंमत बाल्टिमोर शहराने ७ फेब्रुवारी १९०४ च्या आगीत मोजली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावत आले; पण त्यांच्या नळांचे जोड बाल्टिमोरच्या पाण्याच्या खांबांना बसेनात. पंधराशेहून अधिक इमारती जळाल्या. तो फ्लँजचा जोड नव्हता, आट्यांचा होता. पण रोग तोच.

पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावात, २० मार्च १९०५ च्या सकाळी, ग्रोव्हर बुटांच्या कारखान्यातला बॉयलर छप्पर फाडून बाहेर उडाला. चार मजली लाकडी इमारत कोसळून पेटली आणि ५८ कामगार गेले. एकावर एक पत्रा चढवून रिवेट केलेल्या सांध्याच्या आत, वरून कधीच दिसणार नाही अशा जागी भेग वाढत गेली होती. त्या भेगेने राज्याला कायदा करायला लावला आणि कायद्याच्या मागोमाग अमेरिकन अभियंत्यांची बॉयलर संहिता आली. १९१४ ची म्हणून ओळखली जाणारी ती पहिली आवृत्ती जेमतेम ११४ पानांची होती. तिच्यात पाण्याच्या चाचणीचा आकडा पुन्हा तोच होता. दीडपट.

त्याच १९१४ च्या जानेवारीत बिडाच्या फ्लँजचं राष्ट्रीय कोष्टकही ठरलं. त्याआधी दोन कोष्टकं एकमेकांविरुद्ध उभी होती, एक अभियंत्यांचं, एक कारखानदारांचं. वाद मिटवून मधली वाट काढली गेली. १२५ पौंडी आणि २५० पौंडी असे दोन मुख्य वर्ग राहिले.

पण बीड ठिसूळ. वाफेचा दाब आणि तापमान वाढू लागलं तसं त्याच्यावर विसंबणं अशक्य झालं. १९२५ मध्ये बॉस्टनजवळ वेमथ इथल्या एडगर वीजकेंद्राने चौरस इंचाला १,२०० पौंड दाबाची वाफ वापरायला सुरुवात केली. १८५२ च्या कायद्याने बोटींना घातलेल्या मर्यादेच्या जवळजवळ अकरापट! अशा वाफेला पोलादच हवं. वीजकेंद्रं, तेलशुद्धीकरण, रसायनं, सगळीकडून पोलादी फ्लँजची मागणी आली आणि १९२० च्या सुमारास नेमलेल्या बी-१६ या समितीने १९२७ मध्ये त्यांचं पहिलं, तात्पुरतं कोष्टक छापलं.

इथे एक गंमतशीर वाटणारी, पण खरी गोष्ट घडली. १९२७ च्या कोष्टकाचा मुख्य हेतू भोकं जुळवणं हा होता. माझी चकती तुझ्या चकतीवर बसली पाहिजे, एवढंच. कोणत्या तापमानाला ती किती दाब पेलेल याचा नीट हिशेब लोक वापरू लागल्यावर, चाचण्या आणि गणितं करून झाला आणि १९३२ च्या आवृत्तीत तो बराच सविस्तर आला. जुन्या बिडाच्या मापांशी नातंही तोडलं नाही. म्हणून आजही १५० वर्गाचा पोलादी फ्लँज १२५ वर्गाच्या बिडाच्या फ्लँजवर बसतो आणि ३०० चा २५० वर. आजोबांच्या वाड्याला नव्या घराची बिजागरी लागावी तसं हे आहे.

चकतीवरचा ताण काढणं मात्र सोपं नव्हतं. फ्लँज दिसतो साधा. पण बोल्ट आवळले की चकती वाकते, तिची मान पिळवटते, गॅस्केट दबतं आणि आत दाब चढला की हे सगळं गणित बदलतं. ई. ओ. वॉटर्स आणि जे. हॉल टेलर यांनी १९२७ मध्ये यावर पाया घालणारा निबंध लिहिला. १९३७ मध्ये वॉटर्स आणि तीन सहकाऱ्यांनी दिलेली सूत्रं आजही फ्लँज बेतणाऱ्यांच्या हाताखाली आहेत. तोवर जे कारागिराच्या नजरेने ठरत होतं ते आता कागदावर उतरलं.

आणि आता त्या आकड्यांबद्दल, ज्यांनी नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. फ्लँजवर ३०० कोरलेलं असतं. ३०० म्हणजे चौरस इंचाला ३०० पौंड? नाही. साध्या कार्बन पोलादाचा ३०० वर्गाचा फ्लँज नेहमीच्या तापमानाला ७४० पौंड पेलतो. ३०० हे नाव आहे. ज्या तापलेल्या अवस्थेत पोलादाला चौरस इंचाला ८,७५० पौंडांचाच ताण देता येतो, त्या अवस्थेतला दाब त्या नावात दडला आहे. थंड असताना पोलाद जास्त ताण सोसतं. ते कायमचं वाकायला लागतं ३६,००० पौंडांना. त्याचे ६० टक्के, म्हणजे २१,६००, इतकी परवानगी कोष्टक देतं. ३०० गुणिले २१,६०० भागिले ८,७५०, उत्तर ७४०. सहाशेच्या वर्गाला याच हिशेबाने १,४८०. दीडशेचा वर्ग तेवढा वेगळा: त्याच्या गणितात १५० ऐवजी ११५ धरतात, म्हणून त्याला थंडीत २८५ पौंडच मिळतात. बिडाच्या मापांचा वारसा सांभाळणाऱ्या या सर्वांत हलक्या चकतीला कोष्टकाने जपून वागवलं आहे.

तापमान चढलं की आकडे उतरतात. बारमध्ये सांगायचं तर १५० वर्गाचा फ्लँज ३८ अंश सेल्सिअसला १९.६ बार पेलतो, २०० अंशांना १३.८ आणि ४०० अंशांना फक्त ६.५. ज्याने कोष्टकाचा फक्त पहिला रकाना वाचला त्याच्या हातून घात व्हायला वेळ लागत नाही. तेच पोलाद, तेच बोल्ट, तीच भोकं, आणि ताकद एक-तृतीयांश.

चाचणीचा दाब काढायचा तो थंड रकान्यावरून. २८५ ची दीडपट सव्वाचारशेच्या थोडी वर. ती पुढच्या पंचवीसच्या पटीत नेऊन ४५०. ७४० साठी १,१२५. बारच्या हिशेबात ३० आणि ७७. आता मघाचे ६० टक्के आठवावेत. साठ टक्क्यांची दीडपट नव्वद टक्के. म्हणजे चाचणीत पोलाद आपल्या वाकण्याच्या मर्यादेच्या ऐन उंबरठ्याशी जातं, पण उंबरठा ओलांडत नाही. याहून कमी दाबाची परीक्षा अपुरी आणि जास्तीची घातक. १८५२ मध्ये अंदाजाने ठरलेली दीडपट सव्वाशे वर्षांनी मोजलेल्या पोलादावर अशी चपखल बसावी, यात त्या जुन्या माणसांच्या जाणतेपणाला दाद द्यायला हवी.

अनेकांना ठाऊक नसतं, की हे कोष्टक सुट्ट्या फ्लँजची पाण्याची चाचणी मागतच नाही. सुटी चकती पाण्याने भरायची कशी? चाचणी होते ती फ्लँज असलेल्या बाकांची, टी-जोडांची, आणि पुढे संपूर्ण जोडलेल्या नळाची. बाक दोन इंचांपर्यंतचा असेल तर एक मिनिट, आठ इंचांपर्यंत दोन, त्याहून मोठ्याला तीन मिनिटं दाब धरायचा. अंगातून पाण्याचा थेंबही झिरपता कामा नये. पाणी ५० अंशांहून गरम नको. स्टेनलेसचा नळ असेल तर पाण्यातलं क्लोराइड आधी मोजायचं, नाहीतर चाचणीचं साचलेलं पाणीच पुढे भेगा पाडतं.

गरम पाणी नको तसं फार गारही नको. हा धडा १९६५ च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनने दिला. अमोनियाच्या कारखान्यासाठी तिथे बनवलेलं दीडशे टनांहून जड आणि जवळजवळ १५ सेंटिमीटर जाड भिंतीचं दाबपात्र पाण्याच्या चाचणीवर होतं. दाब ठरलेल्या आकड्याच्या अगदी जवळ आला आणि पात्र काचेसारखं फुटलं. दोन टनांचा एक तुकडा ४६ मीटर दूर जाऊन पडला. वेल्डजवळ बारीक भेगा राहून गेल्या होत्या, आणि थंडीत जाड पोलाद ठिसूळ होतं. पात्र कारखान्यात बसून, आत वायू भरल्यावर फुटलं असतं तर काय झालं असतं याची कल्पनाही नको. परीक्षेने आपलं काम केलं. आणि परीक्षेच्या वेळी धातू पुरेसा उबदार असावा, ही अट त्यानंतरच्या काळात अधिक कडक झाली.

आणि परीक्षा झालीच नाही तर?

इंग्लंडमध्ये स्कनथॉर्पजवळच्या फ्लिक्सबरो इथे नायलॉनसाठी लागणाऱ्या कच्च्या मालाचा कारखाना होता. सहा मोठ्या रिॲक्टरांतून गरम सायक्लोहेक्झेन पायरीपायरीने खाली वाहत जाई. मार्च १९७४ मध्ये पाचव्या रिॲक्टरला लांबलचक भेग आढळली. तो काढला आणि चौथा थेट सहाव्याला जोडायचं ठरलं. रिॲक्टरांची तोंडं २८ इंचांची. हाताशी असलेला सर्वांत मोठा नळ २० इंचांचा. दोन्ही तोंडं एका पातळीत नव्हती, म्हणून नळाला दोन कोपरे काढले. दोन्ही टोकांना मूळची बेलोज, म्हणजे चुणीदार लवचीक जोड, तशीच ठेवली आणि मधल्या नळाला मचाणाच्या पाइपांचा टेकू दिला. वर्क्स इंजिनिअरची जागा तेव्हा रिकामी होती. नळाचा नकाशा काढला गेला तो वर्कशॉपच्या फरशीवर, खडूने. दुसरा नकाशा नव्हताच.

जोड गळतात का हे पाहण्यासाठी आत वायू भरून दाब चढवला गेला, चौरस सेंटिमीटरला नऊ किलो. कारखान्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह अकराला उघडणारा होता. म्हणजे ज्या दाबापर्यंत नळाला खुशाल जाऊ दिलं जाणार होतं, तिथपर्यंतही त्याची परीक्षा झाली नाही. दीडपट तर दूरच. दोन महिने नळ चालला. शनिवार, १ जून १९७४, दुपारी चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी तो सुटला, सायक्लोहेक्झेनचा ढग पसरला आणि पेटला. २८ माणसं मेली, त्यातली १८ एकट्या नियंत्रण कक्षात. कामाचा वार असता तर कचेरीची इमारतही भरलेली असती.

रॉजर पार्कर यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीने १९७५ मध्ये अहवाल दिला. त्यातली एक शिफारस पुढे रसायन उद्योगाच्या हाडीमाशी खिळली: चालू कारखान्यात केलेला कुठलाही बदल मूळ कारखान्याइतक्याच कसोटीने बेतला, बनवला, तपासला आणि सांभाळला गेला पाहिजे. 'सुलताना'चं थिगळ आणि फ्लिक्सबरोचा नळ यांच्यामध्ये १०९ वर्षं आहेत. दोन्हीकडे मूळ वस्तू तपासलेली होती आणि नंतर केलेली दुरुस्ती जिवावर बेतली.

आकडे अजूनही हलतात. पोलाद आणि वेल्डिंग सुधारलं तशी अमेरिकन संहितेने १९९९ मध्ये दाबपात्रांची दीडपट कमी करून १.३ पट केली. कारखान्यांतल्या नळांना मात्र दीडपट कायम आहे. आपल्याकडे १९२३ चा कायदा शंभरी ओलांडून २०२५ मध्ये नव्या कायद्याने बदलला.

शेडमधली रीत फारशी बदललेली नाही. नळाच्या दोन्ही टोकांना आंधळे फ्लँज लागतात. बोल्ट गोल फिरत न आवळता समोरासमोरचे आवळले जातात, आधी एक, मग त्याच्या बरोबर समोरचा, मग काटकोनातले दोन, म्हणजे गॅस्केट एका बाजूला दबणार नाही. सर्वांत उंच जागचा कॉक उघडा ठेवून खालून पाणी सोडतात. आधी नुसती हवा फुसफुसते, मग बुडबुडे मिसळलेलं पाणी, मग अखंड धार. हवा पूर्ण गेल्याशिवाय कॉक बंद करायचा नाही, हे नव्या पोराला पहिल्या दिवशीच बजावलेलं असतं. पंप सुरू होतो. काटा थांबत थांबत, टप्प्याटप्प्याने वर जातो. नळ तीनशेच्या वर्गाचा असेल तर सत्याहत्तर बारला पंप बंद होतो आणि त्या दाबाखाली कोणी जोडाजवळ जात नाही. ठरलेला वेळ भरला, काटा हलला नाही, की दाब कामाच्या पातळीवर उतरवला जातो. मग फिटर बॅटरी घेऊन एकेका फ्लँजखाली वाकतो, जोडाच्या तळाशी कोरडं बोट फिरवतो आणि बोटाकडे पाहतो.